उघडणे सोपे, मिटून राहणे अवघड

बिझनेस जेट उतरवायला किती लांबीची धावपट्टी लागते, हा त्या विमानाच्या कागदपत्रांतला फार महत्त्वाचा आकडा. तो कंपनीने मनाने लिहिलेला नसतो. चाचणी-वैमानिक कोरड्या धावपट्टीवर विमान पुन्हा पुन्हा उतरवतात, मोजमापे घेतली जातात आणि त्यावरून तो ठरतो. या मोजणीत विमान थांबवण्याचे श्रेय चाकांच्या ब्रेकना आणि पंखांवर उभ्या राहणाऱ्या स्पॉयलर पट्ट्यांना मिळते. विमान टेकल्यावर मागून जो मोठा घरघराट सुरू होतो आणि ज्याला बहुतेक प्रवासी विमानाचा मुख्य ब्रेक समजतात, त्या थ्रस्ट रिव्हर्सरचा वाटा या आकड्यात धरलेला नसतो. इतक्या महागड्या विमानाच्या इंजिनामागे वजनदार, गुंतागुंतीची यंत्रणा बसवायची आणि हिशेबात तिची किंमत शून्य धरायची, हे वरवर पाहता विचित्र वाटते. माझ्या मते त्यात मोठे शहाणपण आहे. रिव्हर्सर विमानाला किती जोराने मागे रेटतो, यापेक्षा दोन प्रश्न महत्त्वाचे आहेत. नको त्या वेळी तो घट्ट मिटलेला राहतो का, आणि तो उघडा आहे की मिटलेला हे वैमानिकाला खरेखुरे कळते का? गेल्या काही दशकांतल्या अपघातांचे अहवाल वाचले की या दोन प्रश्नांपुढे बाकीचे सगळे दुय्यम ठरते.

आधी यंत्रणा समजून घेऊ. रिव्हर्सर उघडला म्हणजे इंजिन उलटे फिरू लागते, असा एक समज आहे. इंजिन कधीच उलटे फिरत नाही. त्यातला पंखा, कॉम्प्रेसर, टर्बाइन सगळे नेहमीच्याच दिशेने फिरत राहतात, हवा पुढूनच आत येते. बदलते ती फक्त बाहेर पडणाऱ्या झोताची वाट. झोत मागे गेला की विमान पुढे रेटले जाते. तोच झोत वळवून तिरका पुढे सोडला की रेटा उलटतो. बिझनेस जेटमध्ये हे साधण्याच्या दोन पद्धती जास्त दिसतात. पहिलीत इंजिनाच्या अगदी मागच्या टोकाला दोन वक्र झडपा असतात. एरवी त्या इंजिनाच्या बाह्य आवरणाचाच भाग वाटतात. वैमानिकाने आज्ञा दिली की हायड्रॉलिक दाबाने त्या मागे सरकून शिंपल्याच्या दोन शिंपांप्रमाणे झोताच्या आडव्या येऊन मिटतात. झोत त्यांच्यावर आपटतो आणि वर व खाली, थोडा पुढच्या दिशेने फेकला जातो. गल्फस्ट्रीम-४ किंवा सेसना सायटेशन-एक्ससारख्या विमानांवर ही रचना आहे. दुसऱ्या पद्धतीत इंजिनाच्या आवरणाचा मागचा भाग सरकतो आणि खाली झाकलेली तिरक्या पात्यांची जाळी उघडी पडते. त्याच वेळी आतल्या वाटेत छोट्या झडपा आडव्या येतात. मग पंख्याने ढकललेली थंड हवा मागे न जाता त्या जाळीतून तिरकी पुढे निघते. गाभ्यातून येणारा गरम झोत मात्र मागेच जात राहतो. आधुनिक टर्बोफॅन इंजिनात बराचसा रेटा या थंड हवेचाच असल्यामुळे तेवढे पुरते. बॉम्बार्डियरच्या चॅलेंजर ६०० मालिकेतली विमाने या प्रकारची आहेत.

झोत नेमका समोर सोडता येत नाही, कारण मग तो इंजिनाच्याच तोंडात शिरेल. तो तिरका सोडावा लागतो, म्हणून त्याचा काही भागच खऱ्या अर्थाने विमानाला मागे रेटतो. हा उलटा रेटा सरळ रेट्याच्या निम्म्याहूनही कमी भरतो. पण त्याला एक मदतनीस आहे आणि त्याची दखल क्वचितच घेतली जाते. धावत्या विमानाचे इंजिन समोरची हवा गिळते तेव्हा त्या हवेला ते स्वतःबरोबर ओढून घेते, आणि तेवढ्यापुरते विमान मागे ओढले जाते. एरवी मागे जाणारा झोत ही ओढ पुरून उरतो. झोताची वाट वळवली की ओढ तेवढी शिल्लक राहते. वेग जितका जास्त तितकी ती मोठी. म्हणून रिव्हर्सर सर्वात उपयोगी असतो तो चाके टेकल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत. पंखांत अजून थोडी उचल शिल्लक असते, विमानाचा पुरता भार चाकांवर आलेला नसतो, ब्रेकची पकड कच्ची असते, आणि नेमक्या त्या वेळी हा उलटा रेटा आपले काम करतो. विमान १२० नॉट म्हणजे ताशी सुमारे २२० किलोमीटर वेगाने टेकले आणि ६० नॉटपर्यंत आले, की त्याच्या गतीतली तीन चतुर्थांश ऊर्जा संपलेली असते. त्याच सुमाराला वैमानिक रिव्हर्सरची ताकद उतरवू लागतात, कारण मंद वेगात उलटा झोत धूळ, खडी आणि स्वतःचीच गरम हवा पुन्हा इंजिनात ढकलू शकतो.

मग साहजिकच आक्षेप येतो: धावपट्टीच्या हिशेबात ज्याला धरायचेच नाही, ते ओझे कशाला वाहायचे? याचे उत्तर पावसात आहे. कोरड्या धावपट्टीवर ब्रेक इतके समर्थ असतात की रिव्हर्सरमुळे थांबण्याचे अंतर फारसे कमी होत नाही. पाणी, चिखलबर्फ किंवा नुसता ओलसर थर आला की टायर आणि धावपट्टी यांतले घर्षण घटते आणि ब्रेकची ताकद त्याच प्रमाणात ओसरते. उलट्या झोताला मात्र जमीन ओली आहे की कोरडी याच्याशी देणेघेणे नाही. तो हवेवर चालतो. नियम करणाऱ्यांनीही हा फरक मान्य केला आहे. अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाने १९९८ मध्ये नियम बदलताना ओल्या धावपट्टीवरचे रद्द उड्डाण थांबवण्याच्या अंतरात रिव्हर्सरचा वाटा धरायला परवानगी दिली. कोरड्या धावपट्टीसाठी ती दिली नाही. शिवाय भाड्याने चालणाऱ्या मोठ्या जेटना तिथे उपलब्ध धावपट्टीच्या ६० टक्क्यांत थांबता येईल असा हिशेब मांडावा लागतो, आणि धावपट्टी ओली असण्याचा अंदाज असेल तर लांबी आणखी १५ टक्के जास्त लागते. म्हणजे सुरक्षेची राखीव जागा लांबीत ठेवायची, यंत्रणेच्या भरवशावर ठेवायची नाही. रिव्हर्सर चालला तर ती राखीव जागा वाढते, न चालला तर मूळ हिशेब मोडत नाही. मुंबईच्या जुलैतल्या धारांमध्ये जेट उतरवणाऱ्या वैमानिकाला हा वरचा दिलासा किती हवासा वाटत असेल, हे सांगायला नको. ब्रेकची झीज वाचते, टायर कमी तापतात, हे फायदे खरे असले तरी त्यापुढे किरकोळ आहेत.

या शहाणपणाचा दुसरा पुरावा रिव्हर्सर नसलेली विमाने देतात. एम्ब्राएरची फेनॉम १०० आणि फेनॉम ३००, सेसनाची सीजे मालिका, होंडाजेट, पिलाटसचे पीसी-२४ ही सगळी खपणारी, प्रमाणित आणि सुखाने उडणारी विमाने आहेत, आणि त्यांच्यावर रिव्हर्सर नाही. पीसी-२४ तर कच्च्या धावपट्ट्यांवरही उतरण्यासाठी बनवलेले विमान आहे. दासोची फाल्कन ७एक्स आणि ८एक्स ही तीन इंजिनांची विमाने. त्यांत फक्त मधल्या इंजिनावर रिव्हर्सर आहे. एअरबस ए-३८० सारख्या अवाढव्य विमानाच्या चार इंजिनांपैकी फक्त आतल्या दोनांवर तो आहे. यात कंजूषपणा पाहणे चूक ठरेल. हलके विमान, कमी उतरण्याचा वेग, चांगले ब्रेक आणि उत्तम स्पॉयलर असतील तर रिव्हर्सरचे वजन, त्याची देखभाल आणि त्याच्यासोबत येणारी जोखीम परवडत नाही, असा तो विचारपूर्वक केलेला हिशेब आहे. फाल्कनची निवड मला विशेष पटते. मधल्या इंजिनाचा रेटा विमानाच्या मध्यरेषेवरच असतो, त्यामुळे तो उलटवला तरी विमान डावी-उजवीकडे ओढले जात नाही.

जोखीम म्हणजे नेमकी काय, हे पाहायचे तर आधी बिझनेस जेटच्या बाहेर जावे लागते, कारण सगळ्यात कडू धडा प्रवासी विमानाने दिला. २६ मे १९९१ रोजी लॉडा एअरचे बोइंग ७६७ बँकॉकहून व्हिएन्नाला निघाले. ते वर चढत असताना डाव्या इंजिनाचा रिव्हर्सर हवेतच उघडला. विमान काही क्षणांत ताब्याबाहेर गेले आणि आकाशातच तुटले. २२३ जण गेले. त्याआधी असे गृहीत धरले गेले होते की हवेत रिव्हर्सर उघडला तरी वैमानिक विमान सावरू शकेल. पण ज्या चाचण्यांच्या आधारे हे मानले होते, त्या कमी वेगात आणि कमी उंचीवर केलेल्या होत्या. अपघातानंतरच्या अभ्यासात दिसले की उलटा झोत पंखावरच्या हवेचा प्रवाह बिघडवून त्या बाजूची सुमारे २५ टक्के उचल हिरावून घेतो. रिव्हर्सर का उघडला याचे ठाम कारण सापडले नाही, आणि यंत्रणांच्या दृष्टीने ही बाब जास्त अस्वस्थ करणारी आहे. त्यानंतर बोइंगने या विमानांवर आणखी एक स्वतंत्र कुलूप बसवले.

बिझनेस जेटची इंजिने बहुधा पंखाखाली नसून मागच्या धडावर असतात, त्यामुळे झोत पंखाची उचल मारत नाही, हा युक्तिवाद बरोबर आहे. पण तो जितका दिलासा देतो तितका घ्यायचा नाही. फोकर १०० या विमानाची इंजिने अशीच मागे होती, रोल्स-रॉइसच्या टे कुळातली. गल्फस्ट्रीम-४ ची इंजिनेही याच कुळातली. ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी ब्राझीलच्या टाम कंपनीचे फोकर १०० साओ पावलोच्या काँगोन्यास विमानतळावरून उडाले आणि लगेच उजव्या इंजिनाचा रिव्हर्सर उघडला. या विमानात एक संरक्षक यंत्रणा होती: रिव्हर्सर चुकून उघडला तर त्या इंजिनाचा दांडा आपोआप मागे खेचला जावा, म्हणजे उलटा रेटा निर्माणच होऊ नये. ती चालली. पण दांडा आपल्या आपण मागे का सरकतोय हे वैमानिकांना कळले नाही. स्वयंचलित रेटा-नियंत्रणात बिघाड झाला आहे, असे समजून दांडा पुन्हा पुढे ढकलला गेला. अर्ध्या मिनिटाच्या आत विमान वस्तीवर कोसळले. विमानातले सगळे ९५ आणि जमिनीवरचे ४ जण मृत्युमुखी पडले. कुलूप होते, संरक्षण होते, तरी जीव वाचले नाहीत, कारण यंत्रणेला जे ठाऊक होते ते माणसाला ठाऊक नव्हते.

इथे आणखी एक आक्षेप रास्त आहे. हवेत रिव्हर्सर उघडणे इतके घातकच असते, तर नासाने ते मुद्दाम कसे केले? स्पेस शटल उतरवण्याचा सराव देण्यासाठी नासाने गल्फस्ट्रीम-२ ही बिझनेस जेट विमाने खास बदलून घेतली होती. शटल परतताना फार तीव्र उताराने खाली येत असे. तसाच उतार साधण्यासाठी या विमानांत मुख्य चाके खाली सोडून दोन्ही रिव्हर्सर हवेतच उघडत, आणि शटलचे अंतराळवीर अशा असंख्य उतरण्या करून तयार होत. म्हणजे उलटा रेटा हवेत आला की विमान पडलेच पाहिजे असे नाही. मात्र तिथे दोन्ही बाजू सारख्या उघडत होत्या, विमान त्यासाठी बदललेले होते, आणि वैमानिकाने ते स्वतः मागितलेले असे. याने मूळ मुद्दा पक्काच होतो: उलटा रेटा हा धोका नाही, न मागितलेला आणि न कळलेला उलटा रेटा हा धोका आहे.

मग कुलपे वाढवा, असे म्हणता येईल. ती वाढवलीही गेली. आजच्या बिझनेस जेटमध्ये रिव्हर्सर उघडायचा तर थ्रॉटल सर्वात खाली असावा लागतो, त्यावर बसवलेला वेगळा छोटा दांडा वैमानिकाने उचलावा लागतो, आणि विमान जमिनीवर आहे असा इशारा मिळावा लागतो. हा शेवटचा इशारा चाकांच्या पायांतल्या स्क्वॉट स्विचकडून येतो. विमानाचा भार पायावर आला की तो स्विच ‘आपण जमिनीवर आहोत’ असे कळवतो. तर्क साधा आहे: हवेत असाल तर रिव्हर्सर मिटलेलाच राहील. आता हाच तर्क उलटा लावून पाहा. विमान जमिनीवर आहे, पूर्ण वेगात आहे, आणि स्विच खोटे सांगतो की आपण हवेत आहोत. मग काय होईल?

हे १९ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनातल्या कोलंबिया विमानतळावर घडले. विमान होते लिअरजेट ६०. त्याच्या टायरमधली हवा सुमारे तीन आठवडे तपासलेली नव्हती, आणि या टायरमधला दाब रोज सुमारे दोन टक्क्यांनी उतरत असे. उड्डाणासाठी धावत असताना टायर फुटू लागले. विमानाने तो निर्णायक वेग ओलांडला होता, ज्याच्या पुढे उड्डाण रद्द करायचे नसते, तर विमान हवेत नेऊन मग अडचण हाताळायची असते. कप्तानाने तरी उड्डाण रद्द केले आणि रिव्हर्सर उघडले. पण फुटलेल्या टायरच्या तुकड्यांनी चाकाजवळच्या यंत्रणांचे नुकसान केले होते, आणि यंत्रणेला ‘विमान हवेत आहे’ असा इशारा गेला. तिने आपले कर्तव्य केले: रिव्हर्सर मिटवले. वैमानिकांच्या हातातले दांडे मात्र उलट्या रेट्याच्या जागी वर उचललेलेच होते. इंजिनांच्या संगणकाने ती मागणी मोठ्या ताकदीची म्हणून वाचली आणि झोत मागे, म्हणजे विमान पुढे, असा जोरदार रेटा दिला. थांबण्यासाठी धडपडणाऱ्या विमानाला त्याच्याच इंजिनांनी धावपट्टीच्या टोकाकडे ढकलले. ते कुंपण तोडून, रस्ता ओलांडून बांधावर आदळले आणि पेटले. सहापैकी चार जण गेले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने दोष वाटून दिला: टायरच्या देखभालीतली हयगय, निर्णायक वेगानंतर उड्डाण रद्द करण्याचा निर्णय, आणि रिव्हर्सरच्या रचनेतली उणीव व कंपनीने केलेले तिचे अपुरे विश्लेषण. या तिसऱ्या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त थांबावेसे वाटते, कारण ती उणीव तोवर अज्ञात राहिलेली नव्हती. १४ जानेवारी २००१ रोजी अलाबामातल्या ट्रॉय इथे दुसरे एक लिअरजेट ६० उतरताना हरणाला धडकले होते. तिथेही स्विचच्या तारांचे नुकसान झाले, रिव्हर्सर मिटले आणि इंजिनांनी विमान पुढे रेटले. जीव वाचले, काही बदलही केले गेले; पण ते पुरेसे नव्हते. ‘विमान हवेत आहे’ असे खोटे सांगणारा स्विच ही एक किरकोळ, दुर्मीळ शक्यता आहे, असे मानणे सोपे होते. टायर फुटणे मात्र दुर्मीळ नाही, आणि टायर फुटला की त्याचे तुकडे नेमके त्या स्विचच्या आसपासच उडतात. ज्या प्रसंगात रिव्हर्सरची सर्वात जास्त गरज पडते, त्याच प्रसंगात त्याला माहिती देणारी तार तुटण्याची शक्यता सर्वात जास्त. हे दोन प्रसंग वेगवेगळे मोजले, ही विश्लेषणातली चूक.

लॉडाचा अपघात पाहून कुलपे वाढवावीशी वाटतात, कोलंबियाचा पाहून ती कमी करावीशी वाटतात. दोन्ही टोके चुकीची आहेत. कुलूप घट्ट असावे, पण ते लावायचे की उघडायचे हा निर्णय एकाच स्विचच्या साक्षीवर सोडू नये; चाकांचा वेग, दोन्ही पायांवरचा भार, जमिनीपासूनची उंची मोजणारा रेडिओ अल्टिमीटर अशा वेगवेगळ्या साक्षी जुळवून पाहाव्यात. आणि रिव्हर्सर मिटला असेल तर इंजिनाने ताकद देऊच नये. बऱ्याच विमानांत रिव्हर्सर पूर्ण उघडेपर्यंत तो छोटा दांडा पुढच्या टप्प्यावर सरकतच नाही. वैमानिकाच्या हाताला मिळालेला हा अडथळा कोणत्याही दिव्यापेक्षा अधिक स्पष्ट बोलतो.

मागच्या धडावरच्या इंजिनांची आणखी एक अडचण आहे, आणि ती कोणत्याही कुलपाने सुटत नाही. जोराचा उलटा झोत शेपटीभोवतीची हवा विस्कटतो, त्यामुळे सुकाणूची पकड कमी होते. ५ मार्च २०१५ रोजी न्यूयॉर्कच्या ला गार्डिया विमानतळावर बर्फात उतरलेले डेल्टाचे एमडी-८८ याच कारणाने धावपट्टीबाहेर घसरले. प्रमाणाबाहेर उलटा रेटा वापरल्यामुळे सुकाणू निष्प्रभ झाले, असे तपासाने म्हटले. त्या विमानाची इंजिनेही बिझनेस जेटप्रमाणे मागेच होती. निसरड्या धावपट्टीवर रिव्हर्सरची गरज मोठी, आणि तिथेच तो जपून वापरावा लागतो. तसेच एकदा रिव्हर्सर उघडला की पुन्हा उड्डाणाचा विचार करायचा नाही, हा नियमही रक्ताने लिहिला गेला आहे. ११ फेब्रुवारी १९७८ रोजी कॅनडातल्या क्रॅनब्रूक इथे उतरणाऱ्या बोइंग ७३७ ला धावपट्टीवर बर्फ काढणारे वाहन दिसले. वैमानिकांनी उघडलेले रिव्हर्सर मिटवून पुन्हा उड्डाण घेतले, पण एक नीट मिटला नाही, आणि विमान कोसळले.

कोलंबियानंतर सुरक्षा मंडळाने २००९ मध्ये केलेल्या शिफारशींपैकी एक अशी होती की लिअरजेट ६० ची रचना बदलावी: रिव्हर्सर आपोआप मिटले तर वैमानिकाच्या हाताखालचे दांडेही त्यानुसार आपली जागा बदलतील, म्हणजे दांड्याची जागा आणि इंजिनावरच्या झडपांची जागा नेहमी एकच गोष्ट सांगतील. दुसरी शिफारस प्रशिक्षणाची होती: मागितलेला रिव्हर्सर मिटून गेला तर ते ओळखायचे कसे आणि दांडे तात्काळ खाली कसे आणायचे, हे वैमानिकांना शिकवावे. कोलंबियाच्या त्या दोन वैमानिकांना हे ओळखायला मिळालेला वेळ सेकंदांतच मोजावा लागेल, आणि त्या सेकंदांत त्यांच्या हातातले दांडे त्यांना खोटेच सांगत होते.